कळव्याहून परळला ड्यूटी: ऑफर लेटरवर सही करण्याआधी

नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा किंवा बीएस्सी झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, की फ्रेशर मुली पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा हॉस्पिटल किती खाटांचं आहे याचा. जायला-यायला किती वेळ लागेल, हे फोनमधल्या नकाशावर बघून घेतात. तेही दुपारी, घरी पंख्याखाली बसून. नकाशा म्हणतो एक तास दहा मिनिटं. मग घरच्यांना सांगायचं, "एवढं तर सगळेच करतात."

सगळेच करतात, मान्य. पण बँकेत जाणारी बाई रोज एकाच वेळेला निघते आणि एकाच वेळेला परत येते. आपलं तसं नाही. आपल्याला एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या मुंबयांमधून प्रवास करावा लागतो: पहाटेची, दुपारची आणि रात्रीची. म्हणून ठाणे-कळवा-ऐरोलीकडून मुंबईत नोकरी घेणाऱ्यांनी अंतर मोजत बसू नये, रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, मागून घ्यावा. मी कळव्याला राहते. पहिली नोकरी परळच्या बाजूला होती, मोठं ट्रस्टचं हॉस्पिटल. मुलाखत अकरा वाजता होती. गाडीत बसायला जागा मिळाली होती, पूल रिकामा होता. एचआरवाल्या मॅडम म्हणाल्या, "कळवा ना? मग जवळच आहात की. आमच्याकडे टिटवाळ्याहून येतात." हे वाक्य ज्या ज्या हॉस्पिटलात ऐकाल तिथे मनात एक लाल टिकली लावून ठेवा. दुसरी कोणी टिटवाळ्याहून येते, यात तुमच्या झोपेची सोय कुठे झाली?

आता मुख्य गोष्ट. ही मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण माझी पहिली दोन वर्षं हिनेच खाल्ली.

रोस्टरवर ई आणि त्याला लागून एम, म्हणजे आज इव्हिनिंग आणि उद्या मॉर्निंग. आमच्याकडे इव्हिनिंग दुपारी २ ते रात्री ९ आणि मॉर्निंग साडेसातला. कागदावर मध्ये साडेदहा तास विश्रांती दिसते. सुपरवायझरला विचारलं तर तीही हेच सांगते, "साडेदहा तास आहेत की गं!" पण ९ वाजता ड्यूटी संपते म्हणजे ९ वाजता ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या नर्सला पेशंटची सगळी माहिती, द्यायला सुरुवात होते. आयसीयूत एका पेशंटचा ओव्हर नीट द्यायचा म्हटला तर व्हेंटिलेटरचं सेटिंग, चालू इन्फ्युजन, इनटेक-आउटपुट, ड्रेन, सकाळचे पेंडिंग रिपोर्ट, नातेवाइकांना काय सांगितलंय ते, एवढं सगळं येतं. मग क्रॅश कार्टचं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचं, सील बघायचं. मग मॉर्फिन-फेंटानिलच्या अँप्युल दोघींनी मिळून मोजायच्या, रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या, आणि त्यानंतरच कपाटाची किल्ली एकीच्या खिशातून दुसरीच्या खिशात जाते. एक अँप्युल कमी भरली तर ती सापडेपर्यंत दोघीही हलत नाहीत. आणि हे सगळं रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारी नर्स, आल्यावर. ती घाटकोपरला अडकली असेल आणि सहा नंबर बेडच्या नॉरॲड्रेनलिनची (बीपी टिकवणारं औषध) सिरिंज संपत आली असेल, तर तुम्हीच नवी भरणार. पेशंट टाकून निघता येत नाही, आणि निघूही नये.

म्हणजे ओव्हर संपायला पावणेदहा धरा. युनिफॉर्म बदलून, पंच करून, पूल चढून परळला प्लॅटफॉर्मवर यायला सव्वादहा. कळव्याला फक्त स्लो थांबते, त्यामुळे साधारण सव्वाअकराला उतरणं, रिक्षाने घर साडेअकरा. जेवण, आंघोळ, आणि अंग टाकायला सव्वाबारा. मॉर्निंगला साडेसातच्या आत वॉर्डात उभं राहायचं तर सहाच्या आसपासची गाडी, म्हणजे पावणेपाचचा गजर. साडेदहा तासांतले झोपेला उरले साडेचार. आणि हा सगळा हिशोब गाड्या वेळेवर धावल्या तर.

असं महिन्यातून एकदा झालं तर कोणीही काढेल. पण स्टाफ कमी असला की इन-चार्जला ही जोडी लावणं सगळ्यात सोपं पडतं, कारण अशा मांडणीत रोस्टर कमी माणसांत बसतो. नियुक्तीपत्रात 'शिफ्ट गरजेनुसार' एवढंच असतं. सही करताना त्या दोन शब्दांवर कोणाचीच नजर थांबत नाही. आणि साडेचार तास झोपलेल्या नर्सच्या हातात इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम असतं, हे प्रशासनाला कोण सांगणार? दहा पट डोस जायला एक दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडणं पुरे होतं.

म्हणून मुलाखतीत सरळ विचारा, "मॅडम, इव्हिनिंगनंतर मॉर्निंग लागते का? महिन्यातून किती वेळा?" आणि एचआरच्या उत्तरावर थांबू नका. लिफ्टपाशी, कँटीनमध्ये एखादी स्टाफ दिसली की तिला मागच्या महिन्याचा रोस्टर विचारा. फोनमध्ये प्रत्येकीकडे त्याचा फोटो असतोच. पाच मिनिटांत कळेल ते हॉस्पिटलच्या वेबसाइटवर जन्मात कळणार नाही.

घाबरू नका मात्र. प्रवासातली प्रत्येक गोष्ट आपल्या विरोधात नाही. नाइटचंच बघा. ठाण्याकडून मुंबईत नाइटला जाणारी माणसं गर्दीच्या उलट दिशेने जातात. संध्याकाळी सात-साडेसातला सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत पाय पसरून बसता येतं आणि सकाळी सव्वाआठला परत येताना समोरच्या गाड्यांना लटकलेले लोक बघत आपण खिडकीत असतो. तिथे धोका गर्दीचा नाही, झोपेचा आहे. कसारा किंवा कर्जत पकडलीत आणि डोळा लागला तर जाग येईल तेव्हा बाहेर डोंगर दिसतील. नाइटनंतर ठाण्यापर्यंतचीच लोकल पकडायची, हा माझा नियम. ठाण्याला कोणीतरी "ओ मॅडम, गाडी कारशेडला चाललीये" म्हणून हलवतंच. शेवटची इव्हिनिंग ट्रेन असेल तर होमगार्ड किंवा पोलीस असलेल्या लेडीज डब्यात चढा, डबा मोकळा मिळतो म्हणून दुसरीकडे बसू नका.

खरी मारामारी मॉर्निंगची. कळव्याला गाडी येते ती कल्याण-डोंबिवलीने भरूनच. आमच्याकडच्या कित्येक बाया त्यामुळे रूळ ओलांडून कारशेडकडे जातात आणि तिथून ठाण्याला निघणाऱ्या रिकाम्या गाडीत खडीवरूनच चढतात. एक खाली वाकते, दुसरी वरून हात देते, आधी पर्स वर जाते मग माणूस. हे बेकायदा आहे, धोक्याचं आहे आणि लेट मार्क वाचवण्यासाठी पाय गमावण्यात काही शहाणपण नाही. सीनियर म्हणतील, आम्ही वर्षानुवर्षं केलंय. करू द्या. मला सीनियरांचा हा एक प्रकार कधीच पटला नाही. "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. माझी इन-चार्ज मात्र वेगळी होती. कमी बोलायची, पण एकदा माझा रोस्टर तिने पेन्सिलने खोडून ई-एम काढून तिथे ई-ई-ऑफ केलं. मला शंभर सल्ल्यांपेक्षा ते खोडरबर जास्त उपयोगी पडलं.

रविवारचं वेगळं सांगायला हवं, कारण नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिलेल्या मुलींना मेगाब्लॉक म्हणजे काय हे फक्त बातमीतून माहीत असतं. आपल्याला रविवार सुट्टीचा नसतो. ब्लॉक बहुतेक वेळा सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत असतो, म्हणजे नेमकी इव्हिनिंगला जाण्याची आणि मॉर्निंगहून येण्याची वेळ. ठाणे-कल्याणमध्ये स्लो मार्गावर ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्टवर वळवतात, आणि कळवा-मुंब्र्याला गाडी थांबतच नाही. मग रिक्षाने ठाणे. शनिवारी रात्री ब्लॉक कुठे आहे ते बघून झोपायचं. पावसाळ्याबद्दल लिहीत नाही, कुर्ला-सायनला पाणी भरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त एवढंच धरून चाला, की त्या दिवशी रिलीव्हर येणार नाही आणि डबल ड्यूटी तुम्हाला पडणार. लॉकरमध्ये एक जोडी कपडे, टूथब्रश आणि सुकं खाणं कायम ठेवा.

आता पैशांकडे येते. समजा परळला २८ हजार देतात आणि ठाण्यात किंवा कोपरखैरण्याला २३. फरक ५ हजारांचा. परळला दारातून दारात जाऊन-येऊन साडेतीन तास, जवळच्या ठिकाणी एक. रोजचे अडीच तास जास्त, २६ ड्यूट्यांचे ६५ तास. ताशी ७७ रुपये पडले, त्यातून रात्रीची रिक्षा वजा करा. उरलेल्यात तुम्ही तो तास विकायला तयार आहात का, हे तुमचं तुम्ही ठरवा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. अगदी ५० खाटांहून लहान हॉस्पिटलातही २० हजारांपेक्षा कमी नको, आणि २०० खाटांच्या वर सरकारी नर्सइतका पगार, असं त्यात आहे. शिफारस आणि सॅलरी स्लिप यांच्यातलं अंतर कळवा-परळपेक्षा बरंच जास्त आहे, पण आकडा माहीत असू द्या. बोलताना आवाज जरा वर लागतो.

एवढं वाचून कोणी घराजवळच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन बसणार असेल, तर थांबा. तसं करू नका. पहिलं वर्ष-दीड वर्ष तरी जिथे व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), कोड ब्लू (हृदय बंद पडल्याची हाक), सगळं हातून जाईल अशा ठिकाणी काढायला हवं. पुढे गल्फला जायचं असो किंवा सरकारी भरतीची वाट बघायची असो, हात बसलेला असला की कुठेही उभं राहता येतं. परळचा प्रवास मला नकोसा झाला होता, पण तिथे जे शिकले त्यावर आजही पोट भरतंय. त्यामुळे माझं म्हणणं इतकंच, की लांबची नोकरी घ्यायची तर मुदत ठरवून घ्या आणि शिकायला मिळेल तिथेच घ्या. पाच हजारांसाठी जनरल वॉर्डात, आणि तेही ई-एमच्या रोस्टरवर, अजिबात नको. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेत असतील आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील तर उठून या. मुदत ठरवण्याचा हक्कच त्यात जातो. कन्सल्टन्सीला पैसे भरून मिळणारी नोकरी तर मी कोणालाच सुचवणार नाही.

आता मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात आहे. लोकांना वाटतं, नवी मुंबई म्हणजे सुटलो. तितकंसं नाही. ट्रान्स-हार्बरला, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकल लाइनला, सकाळी ऐरोली-महापेच्या कंपन्यांची गर्दी असते आणि गाड्या मेन लाइनइतक्या दाट नाहीत. एक चुकली तर ओव्हरला उशीर ठरलेला. कळव्याहून विटाव्यामार्गे बस बरी, फक्त पाऊस पडला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी. कळवा-ऐरोली रेल्वे जोडमार्ग होणार, म्हणून तिकडे घर-नोकरी जुळवणारेही भेटतात. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पुढच्या जोडणीच्या भरवशावर नोकरी घेऊ नका. आज जी गाडी धावते तिच्यावर हिशोब करा. 'पिकअप-ड्रॉप आहे' असं सांगितलं तर कुठपर्यंत आणि किती वाजता, हे विचारा. बऱ्याचदा ड्रॉप म्हणजे जवळचं स्टेशन निघतं.

होकार देण्याआधी एकदा कामाच्या दिवशी मॉर्निंगच्या वेळेला घरून निघून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जाऊन या, आणि दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला तिथून परत या. सोबत भाऊ, बाबा, मैत्रीण कोणीही चालेल. आणि जॉइन झालात तर पास सुरुवातीला महिन्याचाच काढा. तीन महिन्यांचा स्वस्त पडतो हे खरं, पण पहिला रोस्टर हातात येईपर्यंत तो काढू नका.