सिएटलला ग्लोबल हेल्थ शिकायला आलात? कार्यक्रम, कामं आणि कागदपत्रं यांचा हिशेब

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सेमिस्टर नाही, क्वार्टर आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तास सुरू होतात आणि दहा-अकरा आठवड्यांत परीक्षा येऊन उभी राहते. "आधी जरा स्थिरस्थावर होऊ, मग कामाचं बघू" असं म्हणेपर्यंत नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उजाडतं. जानेवारीपासूनच्या रिसर्च असिस्टंटच्या बऱ्याच जागा तोवर ठरून गेलेल्या असतात. म्हणून घर, बँक, फोन ही कामं पहिल्या दोन आठवड्यांत उरका आणि तिसऱ्या आठवड्यापासून कार्यक्रमांना जायला लागा. पुण्या-मुंबईहून एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस करून इथे एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला, आलेल्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं, कारण तुमचा अनुभव इतरांपेक्षा जास्त असतो, पण तो इथे कुणाला माहीत नसतो.

कोण कुठे बसतं

ग्लोबल हेल्थ विभाग 2007 साली सुरू झाला. तो स्कूल ऑफ मेडिसिन आणि स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ या दोघांचा मिळून आहे. किंग होम्स हे त्याचे पहिले प्रमुख. त्याच वर्षी इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ मेट्रिक्स अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे आयएचएमई, सुरू झाली. कोणत्या देशात कोणत्या आजाराचा किती भार आहे हे मोजणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजचे आकडे तिथून येतात. दोन्हींचा मुख्य मुक्काम 2020 मध्ये उघडलेल्या हान्स रोझलिंग सेंटरमध्ये आहे. या इमारतीसाठी गेट्स फाउंडेशनने 2016 मध्ये 21 कोटी डॉलर दिले होते. लाइट रेलच्या यू डिस्ट्रिक्ट स्टेशनवरून तिथे चालत जाता येतं.

पण सगळं तिथेच आहे असं समजू नका. विभागातली कितीतरी संशोधक मंडळी फर्स्ट हिलवर, हार्बरव्ह्यू हॉस्पिटलच्या आसपास बसतात. फ्रेड हच हे कर्करोग संशोधन केंद्र साउथ लेक युनियन भागात आहे. 'ऑफिसात येऊन भेटा' असं कुणी म्हणालं तर कुठल्या ऑफिसात हे आधी विचारा. कॅम्पसवरून हार्बरव्ह्यूला जायला पाऊण तास हाताशी ठेवावा. यू-पास हा विद्यापीठाचा प्रवासपास असला की बस आणि लाइट रेल दोन्ही त्यात येतात.

शहरात विद्यापीठाबाहेरही मोठं जग आहे. पाथ ही आरोग्यक्षेत्रातली ना-नफा संस्था 1977 पासून इथे आहे आणि तिचा पुण्याशी थेट संबंध आहे. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) 'ए'वरची मेनॲफ्रिव्हॅक ही लस पाथ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातून पुढे आली आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवली. एका डोसची किंमत 50 सेंटच्या आत ठेवायची ही अट सुरुवातीलाच घातलेली होती. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या मोहिमेत दिली गेली आणि पुढे 30 कोटींहून जास्त लोकांपर्यंत पोहोचली. मेनिंजायटिसच्या पाच प्रकारांवर चालणारी मेनफाइव्ह ही पुढची लसही पाथ-सिरम याच जोडीची. मार्च 2024 मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. लसीकरणात रस असेल तर ही कहाणी मुळातून समजून घ्या. पाथच्या माणसाशी बोलताना किंमत आधी ठरवून मग लस बनवण्याच्या या पद्धतीवर तुम्ही नेमका प्रश्न विचारलात, तर समोरचा तुम्हाला लक्षात ठेवतो.

कोणत्या कार्यक्रमाला जायचं

आठवड्याला चार-पाच कार्यक्रम सहज असतात आणि सगळ्यांना जाणं हा वेळेचा अपव्यय आहे. मोठ्या पाहुण्याचं मोठ्या सभागृहातलं भाषण ऐकायला छान असतं, पण तिथे काम मिळत नाही. पाहुणा रात्रीच्या विमानाने परत जातो. काम मिळतं ते पंधरा-वीस माणसांच्या दुपारच्या सेमिनारमध्ये, जिथे एखादा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) किंवा पीएचडीचा विद्यार्थी अर्धवट झालेलं काम मांडतो. त्याला आकडेमोडीला, साहित्य चाळायला, मुलाखतींतली उत्तरं मुद्द्यांनुसार कोड करायला हात हवे असतात. शेवटच्या स्लाइडवर पैसा कुणी दिला ते लिहिलेलं असतं. ती स्लाइड नीट वाचा, कारण माणूस घ्यायला पैसा आहे की नाही हे तिथे कळतं.

2025 नंतर ही सवय जास्तच गरजेची झाली आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, 1 जुलैला ती मदत देणाऱ्या यूएसएआयडी या सरकारी संस्थेचं उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं आणि त्या पैशावर उभे असलेले अनेक प्रकल्प बंद पडले किंवा आटले. संधींच्या जुन्या याद्यांमध्ये बंद झालेले कार्यक्रम अजून दिसतात. प्रकल्पाचा पैसा कुठून येतो आणि कोणत्या महिन्यापर्यंत आहे, हे विचारायला संकोच करू नका. इथे तो प्रश्न उद्धट समजला जात नाही.

आणखी एक गोष्ट. या विभागाचे सगळ्यांत जुने आणि घट्ट संबंध केनिया, मोझांबिक, पेरू यांच्याशी आहेत. नैरोबी विद्यापीठाबरोबरचं काम कित्येक दशकांचं आहे. भारतावरच काम करायचं असा हट्ट धरून बसलात तर दारं फार थोडी उरतात. केनियातल्या प्रसूती आरोग्याच्या प्रकल्पात जे शिकाल ते नंदुरबारला लागू पडतं आणि शिफारसपत्रही मिळतं.

सेमिनारनंतर जाऊन बोलायचं. नुसतं नाव सांगा. प्राध्यापकांनाही इथे पहिल्या नावानेच हाक मारतात, 'सर' म्हटलं की तेच अवघडतात. पदव्यांची माळ लावू नका. "प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षं होते, लसीकरणाच्या नोंदी मी बघायचे, आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येतं" इतकं पुरे.

त्याच दिवशी मेल लिहा. पाच-सहा ओळींचा: काय ऐकलं त्यातला एक नेमका मुद्दा, तुम्हाला काय येतं, आठवड्याला किती तास देऊ शकता, कोणत्या क्वार्टरपासून, आणि भेटीसाठी वीस मिनिटं मिळतील का. एका पानाचा सीव्ही जोडा. भारतातल्या पद्धतीचा, फोटो, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव असलेला बायोडेटा पाठवू नका. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा आणि मग पुढे जा. चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला तर तो ओळखू येतो. शेजारच्या टेबलांवर बसणारी माणसं तो एकमेकांना दाखवतात.

पगाराचं काम

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 50 टक्क्यांची रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे आठवड्याला 20 तास. तिच्यासोबत पगार, शिकवणी शुल्कातली माफी आणि आरोग्य विमा मिळतो. काही किरकोळ शुल्कं तरीही भरावी लागतात. माफीसाठी क्वार्टरमधल्या सहा पगारी पंधरवड्यांपैकी किमान पाच तुम्ही कामावर असायला हवं. क्वार्टर सुरू होऊन महिना झाल्यावर कुणी "आत्ता लगेच ये" म्हणालं, तर पगार मिळेल पण माफी हुकू शकते. सही करण्याआधी सुरुवातीची तारीख बघा. शुल्कमाफी नसलेले प्रोग्रामही आहेत, विशेषतः स्वतःच्या फीवर चालणारे. तुमचा कोणता ते प्रवेशपत्रावरून नक्की करून घ्या.

गेट्स फाउंडेशनच्या पैशातून चालणारं विद्यापीठातलं स्टार्ट सेंटर पदवीधर विद्यार्थ्यांना पगारावर घेतं. तिथे ठरावीक मुदतीत एखाद्या प्रश्नाचा पुरावा गोळा करून मांडायचा असतो. काम दमवतं, पण कमी वेळात नेटकं लिहायची सवय तिथे लागते. पॉप्युलेशन हेल्थ इनिशिएटिव्हची उन्हाळ्यातली अप्लाइड रिसर्च फेलोशिपही बघून ठेवा.

आता घोडं कुठे अडतं ते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर तास चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे आणि 50 टक्क्यांची असिस्टंटशिप ती पूर्ण वापरते. वर लायब्ररीत दोन तासांचं काम घेतलं तरी नियम मोडला. सरासरी काढता येत नाही. प्रत्येक आठवडा वेगळा मोजतात. कॅम्पसबाहेरच्या संस्थेत इंटर्नशिप करायची तर आधी सीपीटी, म्हणजे शिक्षण चालू असताना बाहेर काम करण्याची परवानगी, हवी आणि ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे तीन क्वार्टर, झाल्यावरच मिळते. पगार नाही म्हणजे परवानगी नको, हा समज घातक आहे. एरवी ज्या कामाला पगार मिळतो ते फुकट केलं तरी ते कामच धरलं जातं. सीपीटीची तारीख नव्या आय-20वर (विद्यापीठ देतं तो व्हिसाचा फॉर्म) छापून हातात आल्याशिवाय पहिला दिवस सुरू करू नका. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने झाली की त्या पदवीच्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, गेली.

डॉक्टर मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं: इथला परवाना नसताना रुग्णाला हात लावायचा नाही, आरोग्य शिबिरातसुद्धा नाही. नोंदणी, भाषांतर, रांग लावणं ही कामं करता येतात.

शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत पात्रतेची ओळ सर्वांत आधी वाचा. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या टी-32 प्रशिक्षण जागा अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच असतात. तिच्याच फोगार्टी केंद्राच्या फेलोशिपमध्ये अमेरिकी उमेदवारांची वाट तुम्हाला बंद, आणि दुसरी वाट तिकडच्या देशातल्या भागीदार संस्थेशी जोडलेल्यांसाठी आहे. निबंध लिहून झाल्यावर हे कळलं तर आठवडा वाया जातो.

उन्हाळ्यात फील्डवर्कला जायचं असेल

जूनमध्ये जायचं तर जानेवारीत सुरुवात. लोकांकडून माहिती घेणार असाल तर संशोधनाची नैतिक तपासणी करणाऱ्या विद्यापीठाच्या ह्यूमन सब्जेक्ट्स डिव्हिजनकडे झिपलाइन या प्रणालीतून अर्ज जातो. काम 'एक्झम्प्ट', म्हणजे पूर्ण तपासणीतून मोकळं, आहे हे आपण ठरवायचं नाही, ते त्यांनी ठरवायचं असतं. भारतात काम असेल तर तिथल्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी वेगळी लागते. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीकडेही जावं लागू शकतं. अर्ज भारतातला मुख्य संशोधक करतो, तुम्ही नाही. म्हणून मार्चमध्ये "ओळखीचे डॉक्टर आहेत, बघू" असं म्हणणाऱ्यांचा उन्हाळा बहुधा मंजुरीची वाट बघण्यात जातो. हाती एकच उन्हाळा असेल तर आधीच मंजूर असलेल्या प्रकल्पात सुधारणा अर्जाने आपलं नाव घालून घेणं हा शहाणपणाचा मार्ग.

संमतीपत्राचं मराठी तुम्हीच कराल, कारण तुम्हाला येतं असं सगळे धरून चालतात. सरकारी परिपत्रकासारखं लिहू नका. आशाताईंना मोठ्याने वाचायला द्या आणि त्या जिथे अडखळतील ती ओळ बदला. अंगठा लावणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदाराच्या सहीची जागा छापलेली हवी. ती राहिली की ते कागद अडचणीत येतात. फॉर्ममध्ये तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे वेगळे रकाने करा. 03/04 हे सिएटलमध्ये 4 मार्च आणि भंडाऱ्यात 3 एप्रिल असतं. बाळाचं वय आठवड्यांत काढताना यातून होणारी चूक नंतर सापडत नाही.

जाणं जमणार नसेल तर तयार आकडेवारीवर प्रबंध करता येतो. आयएचएमईची बरीच माहिती विनाशुल्क उतरवता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडे आहे, पण त्याच्या घरोघरच्या नोंदी विद्यार्थी सर्रास ज्या अमेरिकी डीएचएस या आरोग्य सर्वेक्षणांच्या प्रोग्रामकडून घेत, तो फेब्रुवारी 2025 मध्ये थांबला आणि नोंदणीच्या वाटेत असलेले अडकून पडले. आकडेवारी मिळेपर्यंत विषय पक्का करू नका, आणि मिळाली की त्याच दिवशी प्रत काढून ठेवा.

निघण्याआधी आय-20वर प्रवासाची सही घ्या. ती वर्षभर चालते, ओपीटीवर सहा महिने. पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर मुलाखतीतून मिळणारी सूट सप्टेंबर 2025 पासून बहुतेकांना बंद झाली आहे. मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीख हातात नसताना परतीचं तिकीट काढू नका.

पदवीच्या आधीचे सहा महिने

आय-20वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या वर्गवारीचा क्रमांक, आजच बघा. एपिडेमिओलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोड एसटीईएम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत आहेत, सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा नाही. फरक 24 महिन्यांचा आहे: पब्लिक हेल्थवाल्याला 12 महिन्यांची ओपीटी, एसटीईएमवाल्याला एकूण 36. ट्रॅक बदलायचा विचार असेल तर तो पहिल्या वर्षातच, सल्लागाराशी बोलून. शेवटच्या क्वार्टरला कोड बदलून मिळत नाही.

ओपीटीचा अर्ज शिक्षण संपण्याच्या 90 दिवस आधीपासून आणि संपल्यावर 60 दिवसांपर्यंत करता येतो. शिफारशीसह नवी आय-20 निघाल्यापासून 30 दिवसांत तो पोहोचला पाहिजे. ओपीटीत 90 दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. मात्र पहिल्या 12 महिन्यांत, आपल्या विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान 20 तासांचं बिनपगारी काम धरलं जातं, आणि सध्या पगारी जागा कमी असताना ना-नफा संस्थेतलं असं काम बेकारीच्या दिवसांची ही मोजणी थांबवतं. कामाचं पत्र संस्थेकडून लेखी घ्या आणि एसईव्हीपी पोर्टल या सरकारी संकेतस्थळावर लगेच भरा. एसटीईएम मुदतवाढीत मात्र पगारच लागतो आणि नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत हवी. ऑफर स्वीकारण्याआधी हे विचारून घ्या. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नाही, त्यामुळे पगार थोडा कमी असला तरी विद्यापीठातली जागा अर्जांच्या यादीत वर ठेवा.