पहिल्या लायसन्सचा अर्ज: आधी नावं जुळवा

सेकंड पीयूसीची (बारावीची) परीक्षा संपली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ड्रायव्हिंग लायसन्सचा विषय निघतोच. अर्ज भरायला फार वेळ लागत नाही. अडतं ते कागदांवरच्या नावात, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधार कार्ड, एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सीमाभागात इथेच घोळ होतो. ज्ञानेश्वरी या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मराठी शाळा ‘डीएनवाय’ने करते, तर कन्नडवरून टाइप करणारा ‘जेएन’ने. एका कागदावर आडनाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावच नाही.

फरक निघाला तर शक्यतो मार्क्स कार्ड प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या; पुढे कॉलेज, पासपोर्ट, नोकरी सगळीकडे ते लागतंच. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे केंद्रावर ऑपरेटरने सबमिट करण्याआधी स्क्रीनवरचं स्पेलिंग मुलाने स्वतः वाचावं. पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे, फोटो) राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरका. आधारवरून ओळख पटवून अर्ज केला की आधारवरचाच फोटो लर्निंग लायसन्सवर येतो, आणि पुष्कळांच्या आधारवर अजून प्राथमिक शाळेतला चेहरा असतो! ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर चालू आहे ना, हेही पाहून घ्या.

वयाबद्दल स्पष्टच सांगतो. सोळाव्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स मिळतं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. घरोघरी असलेल्या पेट्रोल स्कूटर 100 सीसीच्या वरच्या, म्हणजे त्यांना अठरा पूर्णच हवीत. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला उशीर होतो म्हणून एवढी जोखीम कृपा करून घेऊ नका.

आता अर्ज. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर राज्य कर्नाटक निवडा. मूल कोल्हापूरला शिकत असलं, तरी घर आणि आधारवरचा पत्ता इकडचा असेल तर कर्नाटकच. बेळगावचं आरटीओ केए-22, निपाणी-चिक्कोडीकडच्यांचं केए-23. फॉर्म 2 हा अर्ज, फॉर्म 1 हे तब्येतीचं स्वयंघोषणापत्र. रक्तगटही विचारतात, तो आधीच तपासून ठेवा. वयाचा किंवा पत्त्याचा ठरलेला पुरावा सबळ कारणाने देता येत नसेल, तर नियमात नोटरीपुढच्या प्रतिज्ञापत्राची सोय आहे. ते मान्य करायचं की नाही हे अधिकारी ठरवतो. केंद्रीय नियमांतली लर्निंगची फी प्रत्येक वाहनप्रकाराला 150 रुपये आणि चाचणीचे 50.

लर्निंग मिळालं की गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा. पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. लर्निंगची मुदत सहा महिने, तेव्हा चाचणीची तारीख शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, आणि त्या दिवशी मूळ कागदपत्रं सोबत न्या.