किशोरवयीन मुले आणि इलेक्ट्रिक स्कूटर : इंदूरच्या कॉलन्यांनी एकत्र येऊन काय करावे

हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोल देऊ नये, असा आदेश इंदूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी काढला होता. इलेक्ट्रिक स्कूटर मात्र पंपावर जातच नाही. ती घरच्या प्लगवर चार्ज होते आणि शिकवणीला जाताना तिच्यावर अनेकदा नववी ते बारावीतला मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. पंपावरची तपासणी या वाहनाला लागू पडत नसल्याने ती घराच्या फाटकातच व्हायला हवी, आणि एकट्या घराला ते निभावणे कठीण असते. एका घराने वेग बांधून दिला आणि शेजारच्या घराने मोकळा सोडला, तर दोन्ही मुले संध्याकाळी बरोबरच निघतात आणि बरोबरच राहण्यासाठी धडपडतात. म्हणून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा मराठी वस्तीच्या भागांत रहिवासी संघाने किंवा गणेशोत्सव मंडळाने हे काम हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते. पालक, मुले, आजी-आजोबा आणि फाटकावरचा चौकीदार हे सगळे एकमेकांना ओळखतात, अशी जागा मंडळाखेरीज दुसरी नाही.

सुरुवात गाड्या ओळखण्यापासून करावी. ‘इलेक्ट्रिक आहे, म्हणजे लायसन्स लागत नाही’ हा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धवट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ज्या बॅटरी वाहनाच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आहे, शिवाय ज्याला योग्य ब्रेक व प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या आहेत आणि ज्याच्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी आहे, तेच वाहन ‘मोटार वाहन’ धरले जात नाही. पायडल मारल्यावर मोटरची मदत मिळणाऱ्या सायकलींनाही अशीच मर्यादा आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आत मोटरने आपोआप थांबले पाहिजे. याहून वेगवान स्कूटरला नोंदणी, विमा, हेल्मेट आणि परवाना हे सगळे लागते. खाजगी गाडी असेल तर तिला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा क्रमांक असतो. अशी हिरव्या पाटीची गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पालकांच्या बैठकीत हे कलम वाचून दाखवावे. मुलांना धाक घालणे हा त्यामागचा हेतू नाही. सही करून गाडी विकत घेणाऱ्या मोठ्यांना आपली जबाबदारी कळावी, एवढाच आहे.

यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पाटी नसलेल्या कित्येक गाड्या विकताना ‘पंचवीसच्या’ असतात. पुढे वेग बांधणारी वायर काढून किंवा कंट्रोलर बदलून त्या चाळीस-पंचेचाळीसवर नेल्या जातात. मुले त्याला ‘लॉक खोलणे’ म्हणतात. लॉक खुलले की ती गाडी कायद्याच्या सवलतीत बसत नाही आणि विनानोंदणीचे मोटार वाहन ठरते. गाडीवरच्या मीटरवर विसंबून न राहता प्रत्यक्ष वेग मोजावा. रविवारी सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर किंवा मैदानात परवाना असलेल्या मोठ्या माणसाने हेल्मेट घालून गाडी चालवावी आणि खिशातल्या फोनवर जीपीएसने वेग नोंदवणारे ॲप सुरू ठेवावे. आकडा पंचवीसच्या वर गेला, तर गाडी विक्रेत्याकडे परत नेऊन मूळ स्थितीत आणून घ्यावी आणि तसे लेखी मागावे. जवळच्या दोन-चार दुकानदारांना मंडळाच्या वतीने भेटून ‘आमच्या मुलांच्या गाड्यांचे लॉक खोलू नका’ असे सांगितले, तर त्याचा उपयोग होतो; दुकानदाराला गिऱ्हाईक वस्तीतच मिळवायचे असते.

वेगाबद्दल मुलांशी बोलताना उपदेश करू नये, खडू घेऊन मैदानात जावे. ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सात मीटर पुढे सरकते, तर ४५ ने जाणारी साडेबारा मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत तो एक सेकंद बहुधा जातोच. त्यापुढे रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असले, तरी पहिल्या गाडीला थांबायला साधारण पाच मीटर लागतात, दुसरीला पंधराहून अधिक. खडूने जमिनीवर १२ मीटरची आणि २८ मीटरची रेघ ओढून मुलांना तेवढे अंतर चालायला लावावे. चेंडूमागे धावत आलेले लहान मूल या दोन रेघांच्या मधे उभे असेल तर काय होईल, हे त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही.

त्याच मैदानात ब्रेक तपासावेत आणि ब्रेक लावण्याचा सराव घ्यावा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवावे, मोठ्या माणसाने ॲक्सिलरेटर अगदी हलका पिळावा आणि ब्रेकचा दांडा किंचित दाबावा. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये दांडा दाबताच मोटरचा वीजपुरवठा तुटतो. तो तुटला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरीच राहील. सायकलवरून आलेली मुले पुढचा ब्रेक लावायला घाबरतात, पण थांबताना भार पुढच्या चाकावर येत असल्यामुळे थांबण्याची बरीचशी ताकद तिथेच असते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम न आवळता वाढत्या दाबाने लावायची सवय आधी सायकलच्या वेगावर, मग पंचवीसवर करून घ्यावी. ओल्या रस्त्यावरचा सराव पावसाळ्याच्या तोंडावर वेगळा घ्यावा.

हेल्मेट सगळ्यांना सारखेच लागू असावे, पाटी असो वा नसो. या मुद्द्यावर घराघरांत सूट दिली की नियम उरत नाही. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून ते घ्यावे आणि पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढा आवळावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी बदलावे. मागे बसणाऱ्यालाही ते हवेच. ट्रिपल सीट कोणत्याही कारणाने नाही.

वयाचा निर्णय मंडळाने स्वतः घ्यावा, कारण सवलतीच्या गाडीला परवानाच लागत नाही. माझे मत असे आहे की पायडलची इलेक्ट्रिक सायकल चौदाव्या वर्षापासून आणि ॲक्सिलरेटरची कमी वेगाची स्कूटर सोळाव्या वर्षापासून द्यावी, आणि तीही वरचा सराव पूर्ण केलेल्यालाच. त्याआधी रस्ता ठरवावा. सुदामा नगरातून भंवरकुआँकडे शिकवणीला जाणाऱ्या मुलाबरोबर पालकांनी ज्या वेळी तो जाणार त्याच वेळी एकदा तरी जावे, थोडा लांबचा पण आतला रस्ता निवडावा आणि कुठल्या चौकात उतरून गाडी ढकलत न्यायची हे तिथेच ठरवावे. गाडीचा आवाज येत नसल्यामुळे पायी चालणाऱ्या वृद्धांना ती मागून कळत नाही, म्हणून गल्लीत शिरताना हॉर्न वाजवणे आणि वेग पायी चालण्याइतका करणे हा नियम मुलांनी पाळावा. आजोबांनीही तो मोडणाऱ्याला निःसंकोच टोकावे.

चार्जिंगबद्दल थोडक्यात : जिन्याखाली, दाराच्या वाटेत किंवा सगळे झोपल्यावर रात्रभर चार्जिंग नको. कंपनीचाच चार्जर वापरावा आणि उन्हातून आलेली बॅटरी थंड झाल्यावरच लावावी.

मुले किरकोळ पडझड घरी सांगत नाहीत, आणि पुढच्या मोठ्या अपघाताची सूचना बहुधा त्या न सांगितलेल्या पडझडीतच असते. त्यासाठी मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. तिच्यात नाव न लिहिता जागा, वेळ आणि काय घडले एवढेच नोंदवावे. ही वही अकरावी-बारावीतल्या मुलामुलींच्याच ताब्यात द्यावी, कारण त्यांच्यापाशी धाकटी मुले बोलतात. नोंद केल्याबद्दल कोणाचीही गाडी काढून घेतली जाणार नाही, हे पालकांनी आधी मान्य करावे आणि पाळावे. मोठी इजा झाली तर १०८ वर फोन करावा. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चे संरक्षण आहे, त्यामुळे चौकशीच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

दर तीन महिन्यांनी वही उघडून कॉलनीच्या नकाशावर खुणा कराव्यात. एकाच वळणावर तीन-चार खुणा जमल्या, तर दोष फक्त मुलांचा नाही. तिथे बंद पडलेला दिवा, उखडलेली खडी किंवा आडवी लावलेली मोटार असते. त्या जागेचा फोटो काढून महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक वहीत लिहावा आणि काम होईपर्यंत मंडळातल्या एकाने झोन कार्यालयात जाऊन पाठपुरावा करावा.