पिकअपचे स्टिअरिंग पार्ट बदलताना या चुका टाळा

चोइथराम मंडीतून बटाटा-लसूण भरून खंडवा रोडने निघालं की पुढे भेरूघाट उतरायचा असतो. स्टिअरिंगमधला ढिलेपणा ड्रायव्हरला खरा जाणवतो तो अशा उतारावर. इंदूरला परतल्यावर तो थेट दुकानात जातो आणि टाय रॉड एंडची, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकांच्या सांध्यांची, जोडी मागतो. पहिली चूक इथेच होते, कारण कुठला सांधा झिजलाय हे अजून कुणी पाहिलेलंच नसतं.

गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर नजर ठेवावी. चाक वळण्याआधी सांधा नुसताच खुळखुळत असेल तर तो गेलेला आहे. मग जॅक आणि त्याच्या जोडीला स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवल्यावर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागला तर टाय रॉडकडे बघा. वर-खाली धरून लागला तर बॉल जॉइंट (गोळा आणि वाटीचा सांधा), किंग पिन (ज्या जाड पिनेभोवती चाक वळतं ती) किंवा व्हील बेअरिंग. अशा वेळी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंग पिनचा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा आणि चिकटलेला ब्रेक तपासा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९८व्या नियमानुसार स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांच्या आत हवा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि पिना-बोल्ट नीट लॉक केलेले हवेत. माल वाहणाऱ्या गाडीने ३० अंशांपर्यंत वाट पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टोपी फाटली की धूळ-पाणी आत जातं आणि चांगला सांधाही लवकर संपतो.

दुसरी चूक म्हणजे नुसतं मॉडेलचं नाव सांगून पार्ट घेणं. एकाच नावाच्या पिकअपमध्येही वर्ष आणि व्हेरियंटप्रमाणे पॉवर किंवा साधं स्टिअरिंग असू शकतं, पुढचं सस्पेन्शनही वेगळं असू शकतं. आरसीवरचा चेसिस नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घ्या आणि तो बिलावर लिहून घ्या.

जुना पार्ट सँपल म्हणून न्यायलाच हवा, पण नजरेने जुळवणं पुरेसं नाही. टाय रॉड एंडची पिन निमुळती असते आणि ती स्टिअरिंग आर्मच्या, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या, तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसते. हा निमुळतेपणा (टेपर) जरासा वेगळा असला तरी नट आवळला जातो आणि वरून सगळं ठीक दिसतं. आत मात्र पिन थोड्याच भागावर टेकलेली असते. भार पडत राहिला की ती हलू लागते, भोक मोठं होतं, आर्मही वाया जातो आणि शेवटी पिन तुटूही शकते. म्हणून बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा आणि पिन हाताने दाबून हलवून बघा. डुगडुगली तर तो पार्ट परत करा, दुकानदार काहीही म्हणो. व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) पिनची दोन्ही टोकं मोजा, चुडी, म्हणजे आटे, जुळवा. बऱ्याच टाय रॉडला एका टोकाला उलटी चुडी असते, त्यामुळे एकाच बाजूचे दोन एंड घरी आणू नका.

वाकलेला रॉड गरम करून सरळ करणं किंवा वेल्डिंग मारणं कधीही करू देऊ नका. त्या लोखंडाची ताकद उष्णतेने बिघडते आणि ते वरून दिसत नाही. तिथे नवीनच रॉड घ्या.

बसवताना कॅसल नटची (वर खाचा असलेल्या नटची) खाच पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. नट सुटू नये म्हणून त्या भोकातून घालायची स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर ग्रीस भरताना टोपी जराशी फुगली की थांबा, जास्त दाबाने ती फाटते. आणि गाडी कामावर पाठवण्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर पुढचे टायर कडेने झिजायला लागतील.