हॉटेलचं गेस्ट वायफाय सांभाळायला निघालात तर

नेटवर्क सपोर्टला नवीन लागलेल्यांना वाटतं, आता राउटर कॉन्फिगर करायला मिळणार. हॉटेलात लागलात तर फोन मात्र एकाच कारणासाठी वाजतो: ‘वायफाय जोडलंय, पण लॉगिनचं पान येत नाही.’ म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांना मी आधी हे पान येतं कसं, तेच दाखवतो.

फोन वायफायला जोडला गेला की आपणहून चाचपणी करतो. अँड्रॉइड गुगलच्या एका पत्त्याकडून २०४ हे रिकामं उत्तर मागतो, आयफोन ॲपलकडून ‘सक्सेस’ एवढाच शब्द. आपला गेटवे (गेस्ट नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधलं यंत्र) ही मागणी मध्येच अडवतो आणि लॉगिनच्या पानाकडे वळवतो. अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर आलं की फोन ते पान पुढे करतो. आता कुणी उत्साहाने हेच पत्ते लॉगिनआधीच मोकळे सोडले, तर फोनला वाटतं नेट चालू आहे, आणि पान येतच नाही. तक्रार आली की लॉगिनआधी मोकळ्या सोडलेल्या पत्त्यांची यादी आधी बघा. पाहुणा थेट बँकेची साइट उघडत असेल तर ती एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर असते, तिला गुपचूप वळवता येत नाही. सर्टिफिकेटचा इशारा दिसतो आणि माणूस घाबरतो. त्याला एखादी साधी एचटीटीपी साइट उघडायला सांगा. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करायला सांगा.

दुसरी डोकेदुखी लॉगिनच्या पानावर भरायच्या खोली क्रमांक आणि आडनावाची. आडनाव रिसेप्शनने टाइप केलं तसंच जुळावं लागतं. तमिळनाडूच्या पाहुण्याला बऱ्याचदा आडनावच नसतं. मग त्या रकान्यात कधी वडिलांचं नाव, कधी नुसतं आद्याक्षर. रिसेप्शनवाल्यांशी दोस्ती ठेवा, निम्मी कामं तिथेच मिटतात. लॉगिन ओटीपीने असेल तर तो परदेशी नंबरवर पोहोचेलच असं नाही, तेव्हा लॉगिनचा कोड असलेली छापील व्हाउचर हाताशी हवीत. ओटीपीच्या मेसेजचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या मेसेज-नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेला असतो. मार्केटिंगने त्यात परस्पर एक शब्द बदलला तरी मेसेज अडकतो.

मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कवर डिव्हाइस ओळखायच्या क्रमांकावर, भिस्त ठेवू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक दाखवतो. लॉबीच्या आणि खोल्यांच्या वायफायचं नाव वेगळं ठेवलंत, तर एकच फोन दोन डिव्हाइस म्हणून मोजला जातो आणि पाहुण्याची डिव्हाइसची मर्यादा तिथेच संपते.

गेस्टचा व्हीलॅन (त्याच यंत्रणेवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) वेगळा आणि क्लायंट आयसोलेशन (पाहुण्यांची डिव्हाइस एकमेकांना दिसू न देणं) चालू, यावर चर्चाच नको. लॉगचं, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींचं मात्र मनावर घ्या: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवायचे असतात, यंत्रांची घड्याळंही एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळलेली हवीत.

आणि हॉलमध्ये लग्न असेल तर आदल्या दिवशीच डीएचसीपीचा लीज, म्हणजे फोनला दिलेला आयपी पत्ता राखून ठेवायची मुदत, तासाभरावर आणा. नेहमीच्या /२४ सबनेटमध्ये (नेटवर्कचा एक भाग) जेमतेम २५४ पत्ते; वऱ्हाडी त्याहून जास्त असतात.