कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेताना या चुका टाळा

सगळं बजेट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर घालवायचं आणि उरलेल्या पैशात लाइट लागणारा कुठलाही डबा उचलायचा, हे रोज बघतो. फार वाईट वाटतं, कारण प्रोसेसर चार-पाच वर्षांत बदलतो, चांगलं कॅबिनेट दहा वर्षं राहतं.

सर्वांत महाग चूक म्हणजे पत्रा न तपासणं. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा नवं मशीन घेऊन आला. डिस्प्ले येत नव्हता. त्याने रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलला, शेवटी ग्राफिक्स कार्डच परत पाठवायला निघाला होता. मी कार्डाचा मागचा स्क्रू ढिला केला, कार्ड हलकेच दाबलं आणि डिस्प्ले आला. मागचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, प्रवासात वाकलेला. स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर उचललं जायचं. आठवडा वाया गेला.

म्हणून मी रिकामं कॅबिनेट सपाट फरशीवर ठेवतो आणि वरचे तिरके कोपरे आळीपाळीने दाबतो. डुगडुगलं की परत. खिशात दोन स्क्रू असतातच. स्टँडऑफमध्ये, म्हणजे मदरबोर्ड ज्यांवर बसतो त्या छोट्या खुंट्यांमध्ये, स्क्रूचे पहिले दोन-तीन आटे नुसत्या बोटांनी बसायला हवेत. मग पॉवर सप्लायच्या चौकटीवरून सावकाश बोट फिरवतो. कड दुमडलेली नसेल तर जोडणी करताना हात कापणारच.

वजनावर जाऊ नका. वजन बरेचदा काचेचं असतं. काच उतरवा, मग उचलून बघा.

समोर बंद काच आणि तिच्यामागे 120 मिलिमीटरचे तीन रंगीत पंखे, ही दुसरी चूक. पंख्यांना हवा मिळते ती कडेच्या बोटभर फटीतून. शंका असेल तर अर्धा तास गेम चालवून तापमान लिहून ठेवा, मग समोरचं पॅनल काढून पुन्हा तेवढाच वेळ चालवा. आठ-दहा अंश उतरले तर दोष कॅबिनेटचा. प्रोसेसरचा महागडा कूलर घेऊन तो जाणार नाही. मी जाळीचंच पॅनल घेतो, तेही धुळीचा फिल्टर सरकवून बाहेर निघणारा असेल तरच.

कूलरची उंची आणि कार्डाची लांबी खोक्यावरच्या आकड्यांशी जुळवा. मागच्या स्लॉटवरच्या पट्ट्या तोडून काढायच्या असतील तर घेऊ नका. एकदा तोडलेली पट्टी पुन्हा बसत नाही.

आणि फोटो बघून रात्री ऑर्डर देण्याची घाई करू नका. दुकानात जा, दोन्ही बाजूंची पॅनलं स्वतः काढून परत लावून बघा. परत लावताना गुडघ्याने रेटावं लागलं, तर ते कॅबिनेट तिथेच ठेवा.