पडत्या बाजारात भाड्यासाठी घर घेताना

२०२०च्या जून-जुलैमध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावातल्या माझ्या मेडिकलसमोरून रोज एक तरी टेम्पो सामान भरून जायचा. गाद्या, कूलर, कडेला आडवी बांधलेली दुचाकी. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांनी घरून काम दिलं आणि तिथे नोकरी करणारी मुलं आपापल्या गावी निघाली. बघता बघता सोसायट्यांच्या फाटकांवर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागल्या. त्याच डिसेंबरात आम्ही वाकडला एक बेडरूमचा रिसेल फ्लॅट घेतला, तो भाड्याने द्यायलाच. माझे मिस्टर चाकणच्या कारखान्यात आहेत, त्यांना पेन्शन नाही, आणि साठीनंतर मला दुकानात बारा-बारा तास उभं राहणं जमणार नाही. तेव्हा दरमहा काहीतरी हातात यावं, एवढ्यासाठी हे घर. आता नाशिकचा भाचा विचारतोय, “मावशी, भाव पडले की घेऊन टाकू का?” त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

भाव पडतात तेव्हा भाडंही पडतं. घर स्वस्त मिळतंय या आनंदात माणसं हे विसरतात. ज्या फ्लॅटला लॉकडाऊनआधी १५,००० येत होते, तो आम्ही बघितला तेव्हा ११,५००ला कसाबसा जात होता. म्हणून हिशेब त्या दिवशीच्या कमीत कमी भाड्यावर करायचा. पुढच्या वर्षी वाढेल हे धरायचंच नाही. आणि वर्षाचे बारा महिने न धरता दहाच धरायचे.

माझ्या वहीतलं पान असं आहे. ११,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे १,१५,०००. त्यातून मेंटेनन्स २६,४००, मिळकतकर ६,५००, एजंटला एका महिन्याचं भाडं ११,५००, रंग-नळ-किरकोळ दुरुस्ती १०,०००. राहिले ६०,६००. फ्लॅट ४१ लाखांचा, सगळा खर्च धरून ४३ लाखांना पडला. म्हणजे वर्षाला दीड टक्काही नाही. मुदत ठेवीवर तेव्हा साडेपाच टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. हे आकडे बघून जो मागे फिरेल तो चूक करणार नाही. आम्ही पुढे गेलो, कारण सासऱ्यांच्या जमिनीचे पैसे आणि आमची शिल्लक मिळून २१ लाख हातात होते, कर्ज २२ लाखांचंच होतं, आणि भाड्याचा एक रुपया आला नाही तरी सहा महिने हप्ता भरता येईल एवढे १ लाख २० हजार वेगळ्या खात्यात ठेवून मगच टोकन (सौद्याची आगाऊ रक्कम) दिलं. ज्याला हप्त्यासाठी भाड्यावरच अवलंबून राहावं लागणार आहे, त्याने मंदीत भाड्यासाठी घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बघायचं, भाडेकरू कोण असणार. माझ्या काउंटरवर त्या वर्षी कोण येणं थांबलं आणि कोण येतच राहिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. लॅपटॉपवर काम करणारी मुलं गेली. नर्स, लॅब टेक्निशियन, बँकेतले कर्मचारी, कारखान्यातले सुपरवायझर कुठेच गेले नाहीत, कारण त्यांचं काम घरी नेता येत नाही. म्हणून मी हॉस्पिटल आणि कंपनीच्या बसचा थांबा पायी गाठता येईल अशाच इमारती बघितल्या. जलतरण तलाव आणि क्लबहाऊस असलेल्या मोठ्या टाऊनशिप सोडून दिल्या. तिथला मेंटेनन्स दुप्पट असतो आणि नर्सच्या पगारातून ते भाडं निघत नाही.

इमारत बघायला दिवसा एकदा जा, पण रात्री आठला नक्की जा. आमच्या विंगमध्ये ४४ फ्लॅट आहेत. मी खाली उभी राहून दिवे मोजले, तर १९ घरांत उजेड होता. दुसऱ्या एका इमारतीत ६० पैकी ११. तिथे एजंट भाव आणखी दोन लाखांनी कमी करायला तयार होता, तरी ती सोडली. एवढी घरं रिकामी असली की मेंटेनन्स थकतो, आणि मग लिफ्ट बंद पडते. फाटकावर पाण्याच्या टँकरची वही असते, ती वॉचमनकडून बघून घ्या. वाकड-हिंजवडीच्या बाजूला उन्हाळ्यात टँकर किती लागतात यावर मेंटेनन्स ठरतो. वही एप्रिल-मे महिन्यांची बघायची. डिसेंबरातली बघून काही कळत नाही.

फ्लॅटच्या आतलं एकच सांगते. न्हाणीच्या जाळीत ओलं फडकं कोंबून मी दोन बादल्या पाणी ओतलं आणि तासभर थांबले. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून त्यांच्या न्हाणीचं छत बघितलं. कोपऱ्यात ओल उमटली होती, तळहाताएवढी. काकू म्हणाल्या, तीन वर्षं सांगतेय, कुणी ऐकत नाही. वॉटरप्रूफिंगचे ३५,००० किमतीतून कमी झाले आणि काकूंशी ओळख झाली. भाडेकरू ठेवल्यावर खालच्या घराशी संबंध चांगले असणं फार कामाला येतं.

बांधकाम चालू असलेलं घर भाड्यासाठी मंदीत घेऊ नका. माझ्या दिरांनी २०१४ मध्ये एका प्रकल्पात बुकिंग केलं, ताबा २०१७ला मिळणार होता. नवव्या स्लॅबवर काम थांबलं आणि त्यांनी पुढची कितीतरी वर्षं राहत्या घराचं भाडं आणि न बांधलेल्या घराचा हप्ता असे दोन्ही भरले. जाऊबाईंनी पाटल्या मोडल्या त्या दिवशी मी त्यांच्यासोबत सराफाकडे होते. १ मे २०१७ पासून रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) पूर्णपणे लागू आहे, त्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या साइटवर प्रकल्पाची ठरलेली तारीख आणि मुदतवाढ दिसते, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हे सगळं चांगलंच आहे. तरी मंदीत बिल्डरचाच पैसा अडकतो, आणि न झालेल्या घराला भाडेकरू मिळत नाही. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे (परवडणाऱ्या घरांत बसत असेल तर १ टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही.

भाव करताना एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. नोंदणी विभागाच्या साइटवर जुन्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, त्यात किंमत असते) बघता येतात. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट २०१८ मध्ये ४६ लाखांना नोंदला होता, तो कागद मी पर्समध्ये ठेवला होता. विकणाऱ्या जोडप्याची नोकरी गेली होती आणि त्यांना बंगळुरूला जायचं होतं. त्यांना जास्त पैशांपेक्षा लवकर सुटका हवी होती. मी सांगितलं, पंचेचाळीस दिवसांत व्यवहार पूर्ण करते. ४१ला ठरलं. मी ३८ मागू शकले असते, मिस्टर तसं म्हणतही होते, पण अडलेल्या माणसाला पिळून घेतलेल्या घरात मला भाडेकरू ठेवायचा नव्हता.

त्यांच्यावर १९ लाखांचं कर्ज बाकी होतं. अशा वेळी टोकन थोडंच द्या, आम्ही एक लाख दिलं. त्यांच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि ताब्यातल्या मूळ कागदांची यादी मागवा, आणि कर्जाच्या रकमेचा चेक थेट त्या बँकेच्या नावाने काढा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी कुणाकुणाकडे होती याचा अहवाल) घ्या, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा कागद) बघा, जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, ते विचारा.

मंदीत एक पेच हमखास येतो. बाजारभाव पडतो, पण रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जागेचे दर) लगेच खाली येत नाही. आमच्या फ्लॅटची रेकनरनुसार किंमत ४२ लाख ६० हजार निघाली, आणि मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त आकड्यावर भरावं लागतं. रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून खाली घेतलं तर फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो, म्हणून फार खाली गेलेला भावही तपासून घ्या. त्या वर्षी राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात ३ टक्के सवलत दिली होती, पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्के. आमचे १,२७,८०० वाचले. डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयात खूप गर्दी झाली होती, पण शुल्क ३१ तारखेच्या आत भरून नोंदणी चार महिन्यांत केली तरी चालत होतं. आम्ही तसंच केलं. पुन्हा कधी अशी सवलत आली तर जाहीर झाल्याबरोबर आदेश वाचा.

मंदीतलं व्याज कायम राहत नाही. आम्हाला ७ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी कर्ज मिळालं, हप्ता १९,७७४. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे देते) ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि आमचा दर साडेनऊ झाला. तेव्हा बँका आपणहून मुदत वाढवायच्या, हप्ता तोच दिसायचा आणि माणूस निश्चिंत राहायचा. मी शाखेत जाऊन मुदत तीच ठेवायला सांगितली, हप्ता सुमारे २२,६०० झाला. तोवर भाडं १७,०००वर गेलं होतं म्हणून झेपलं. घेण्यापूर्वीच व्याज अडीच टक्क्यांनी वाढवून हप्ता काढून बघा.

पहिल्या भाडेकरू दोन नर्स होत्या, लातूरकडच्या. सोसायटी एकट्या मुलींना किंवा मुलांना भाड्याने देऊ देते का, हे टोकनच्या आधी कमिटीकडून लेखी घेतलं होतं. करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आमच्याकडे जास्त लावलं होतं, शासनाचा २००१चा आदेश दाखवल्यावर कमी झालं. पुणे महापालिकेच्या हद्दीत घेणार असाल तर स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाडेकरू आल्यावर जाते, तेही वहीत मांडा.

२०२१च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या एकीचं लग्न ठरलं, दुसरी हॉस्टेलला गेली, आणि फ्लॅट नऊ आठवडे रिकामा राहिला. वेगळ्या खात्यातले पैसे तेव्हा वापरले. घर बंद असलं तरी दर रविवारी दुकान बंद करून मी तिथे जायचे. न्हाणीच्या आणि बेसिनच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, कारण आतलं पाणी आटलं की वास आणि झुरळं वर येतात आणि घर बघायला आलेलं माणूस दारातूनच परत जातं. खिडक्या तासभर उघडायच्या, दिवे लावायचे, खालच्या काकूंकडे चहा घ्यायचा. नवव्या रविवारी काकूंनीच त्यांच्या पुतण्याच्या कंपनीतलं एक जोडपं आणलं, चाकणला फाउंड्रीत काम करणारं. ते अजून तिथेच राहतात.